कारवाँतला जनरेटर

मे महिन्याच्या सुट्टीत मी धाकट्या भावाच्या गॅरेजवर बिलं लिहायला बसतो. त्याचं अक्षर त्यालाच वाचता येत नाही आणि माझं अक्षर हीच काय ती माझी कमाई. वर्षभर शाळेत मुलांकडून एका तासाला 'अलिफ-बे' आणि दुसऱ्या तासाला 'अ-आ-इ' गिरवून घ्यायचं, आणि सुट्टीत 'पाटा बदलणे', 'क्लच प्लेट', 'मजुरी' असलं लिहायचं. जीवाला तेवढाच पालट. गॅरेज मिरजेत आहे, छोटंसंच. भाऊ, दोन हाताखालची पोरं आणि सुट्टीत मी.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या मे महिन्यात, एक निराळीच गाडी आली. मूळची टेम्पो ट्रॅव्हलर. कुणीतरी तिची कॅरॅव्हॅन करून घेतली होती. मागच्या बाजूला आडवा पलंग, मध्ये ओटा आणि फ्रिज, एका कोपऱ्यात कपाटाएवढा संडास, छतावर एक टनाचा एसी. मालक निवृत्त अधिकारी, बोलायला मोकळे. नातवंडांना घेऊन कोकण करायचं, मग गोवा, जमलं तर थेट राजस्थान, असा त्यांचा बेत. आजवर गाडी बॅटरी आणि इन्व्हर्टरवर चालायची. दिवे, पंखा, मोबाइल ठीक चालायचं, पण एसी लावला की तासाभरात बॅटरी मान टाकायची. साहेबांना जनरेटर हवा होता. बाहेर काढून ठेवायचा नव्हे, कायमचा, गाडीच्या अंगातच बसवलेला. आतून बटण दाबलं की सुरू झाला पाहिजे.

मी बिलबुक काढलं आणि सवयीने वर लिहिलं, 'कारवाँ : जनरेटर बसवणे'. भावाने वाकून पाहिलं.

"भाई, हे काय लिहिलंस?"

म्हटलं, बरोबरच लिहिलंय. फारसीतला 'कारवाँ' युरोपात गेला, इंग्रजांनी त्याचं 'कॅरॅव्हॅन' केलं, आणि पुढे त्याचंच शेपूट तोडून 'व्हॅन' केली. तू रोज ज्या व्हॅनचं ऑइल बदलतोस तो आपल्याच कारवाँचा तुटलेला तुकडा आहे.

"आरटीओला सांग हे," तो म्हणाला आणि पाना घेऊन गाडीखाली सरकला.

(आमचं हे सगळं बोलणं घरच्या बोलीत चालतं. ती मराठीच्या जवळची आणि उर्दूपासून जरा लांबची आहे. इथे मराठीत देतोय.)

आरटीओचा विषय मात्र खराच होता. गाडीत असा कायमचा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. साहेबांनी कागदपत्रांचं काम आपल्याकडे घेतलं. त्यांची ओळख असावी. भावाचं काम लोखंडाचं.

जनरेटर आमच्या घराला नवा नाही. अब्बांचा लाईट-मंडपाचा धंदा होता. लग्न, उरूस, गणपती, निवडणूक, जिथे उजेड लागेल तिथे अब्बा. वरातीत बायका-पुरुष डोक्यावर ट्यूबलाइटचे स्टँड घेऊन रांगेने चालतात, एकाच्या स्टँडवरून दुसऱ्याच्या स्टँडला वायर गेलेली असते आणि सगळ्यात मागे जनरेटरची गाडी भकभकत येत असते. त्या मागच्या गाडीवर अब्बा बसलेले असायचे. नवरदेवाच्या फोटोत ते कधी आले नाहीत. पण उजेड त्यांचा.

भाऊ त्यातच वाढला. दहावीनंतर शाळा सोडून अब्बांच्या हाताखाली गेला आणि मंडपाचा धंदा मोठ्या लोकांच्या हातात गेल्यावर गॅरेज टाकलं. इंजिनाच्या आवाजावरून तो रोग सांगतो. मी बीएड करून मास्तर झालो. त्यामुळे मशीनच्या बाबतीत त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही, हा घरातला अलिखित नियम आहे. मी तो या कामात मोडला.

सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. भावाने साहेबांना समोर बसवून हिशेब करायला लावला. एसी इन्व्हर्टरवाला, चालताना साधारण अकराशे वॅट. इंडक्शन शेगडी दोन हजार. पाण्याचा गीझर दोन हजार. फ्रिज, दिवे, टीव्ही किरकोळ. साहेबांना तीन केव्हीएचा जनरेटर पुरेल असं दुकानदाराने सांगितलं होतं. भाऊ म्हणाला, "साहेब, केव्हीए म्हणजे वॅट नव्हे. तीनला आठ दशांशाने गुणा. चोवीसशे वॅट आले. एसी लावून चहा ठेवला की बोंब." शेवटी पाच केव्हीएचा घ्यायचं ठरलं, म्हणजे चार हजार वॅट. शिवाय भावाने अट घातली की इंडक्शन आणि गीझर एका वेळी लावायचे नाहीत. तसं वायरिंगच करून टाकतो म्हणाला, माणसाच्या लक्षात राहण्यावर भरवसा नको.

पेट्रोलचा सेट आला. डिझेलचा जड पडतो आणि हादरे जास्त देतो. गाडी डिझेलची आणि जनरेटर पेट्रोलचा, म्हणजे गाडीच्या टाकीतून नळी घेता येत नाही, त्याला वेगळी टाकी हवी, तिचं तोंड बाहेरून उघडणारं हवं आणि ती सायलेन्सरपासून लांब हवी. चार जणांनी मिळून सेट उतरवला. पन्नास हर्ट्झ वीज काढण्यासाठी हे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत राहतं. तास-दोन तास तेवढ्या फेऱ्यांनी फिरणारी वस्तू पत्र्याला बोल्टने आवळली तर अख्खी गाडी ताशासारखी वाजेल. म्हणून खाली चार रबरी माउंटिंग. ते भावाने तीनदा बदलले. आधीचे फार मऊ होते, सेट डोलायचा.

प्रश्न उभा राहिला तो जागेचा.

साहेबांचं म्हणणं, जनरेटर मागच्या डिकीत बसवा. डिकी म्हणजे त्या आडव्या पलंगाखालची पोकळी, दार बाहेरून. आयती जागा. गाडीच्या पोटाखाली वेगळी पेटी लटकवली तर गाडीची शोभा जाते, खड्ड्यात आपटते आणि खर्च वाढतो. भावालाही ते पटलं. डिकीच्या दाराला जाळी मारू, धूर पाइपने खाली सोडू, वरच्या प्लायवूडला आवाज दाबायला फोम लावू. आणि जनरेटरची वायर वरच्या बोर्डापर्यंत न्यायला पलंगाखालून एक भोक. होल-सॉ लावून पोराने ते पाडलंसुद्धा. रुपयाएवढं होतं.

ते भोक पाहून माझ्या पोटात गोळा आला.

डिसेंबर २०२४मध्ये केरळच्या वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली होती. विश्रांतीला थांबलेली होती. मारहाण नाही, विष नाही. पुढे कोझिकोडच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी गाडीची तपासणी केली तेव्हा उलगडलं. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. कुठून, तर गाडीच्या तळाला पाडलेल्या भोकातून. बातमी मी वाचली होती आणि विसरलो होतो. कागदावर वाचलेली गोष्ट विसरता येते. डोळ्यासमोर होल-सॉचा लाकडी भुसा पडलेला असताना ती आठवते.

मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, भोकाला रबरी ग्रोमेट बसवणार आहे, वर सिलिकॉन मारणार आहे.

म्हटलं, पलंगाखाली नकोच. पोरं झोपणार आहेत त्यावर.

"भाई, धूर पाइपने बाहेर चाललाय. डिकीला जाळी आहे. धूर आत आला तर वास येईल की."

वास येत नाही, हीच तर गोष्ट आहे. धुराला वास असतो, या वायूला नसतो. रंग नाही, वास नाही, डोळ्याला झोंबत नाही. रक्तातला प्राणवायू वाहणारा जो पदार्थ आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. छाती वरखाली होत राहते, श्वास चालू असतो, आणि शरीराला काही पोचत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. जागा माणूस दार उघडून बाहेर तरी पडेल. झोपलेल्याला ती झोप आणि ही झोप वेगळी कशी कळणार? आणि पेट्रोलचं इंजिन डिझेलपेक्षा हा वायू कितीतरी जास्त सोडतं. आजच्या मोटारींना तो जाळून टाकणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, असल्या जनरेटरला बहुतेक वेळा तो नसतो.

मी हे सगळं सांगितलं. बहुधा वर्गात सांगतो त्या आवाजात सांगितलं असणार, कारण भावाच्या कपाळाची शीर उठली. हाताखालची पोरं हातातलं काम सोडून बघत होती.

"पंचवीस वर्षं जनरेटरच्या धुरात काढली मी. मेलो का? तुम्ही लोक पुस्तकातलं एक पान वाचता आणि कारागिराला अक्कल शिकवता. पेटी खाली लटकवायची तर पंधरा-वीस हजार वाढतात. साहेब देणार नाहीत. बकरी ईद आठ दिवसांवर आली. तू भरणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बिलबुक मिटून घरी आलो. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने धुमाकूळ घातला होता, रस्त्यावर चिखल, हवेत गारवा. घरी येऊन पडलो. ताडपत्रीवर पाऊस वाजावा तसा पत्र्यावर वाजत होता. आणि मला एक रात्र आठवली. तिच्याबद्दल मी आजवर असा विचारच केला नव्हता.

मी चौथीत होतो. गणपती विसर्जनाची रात्र. मिरजेची मिरवणूक ज्यांनी पाहिलीय त्यांना ठाऊक आहे, अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गणेश तलावाकडे मंडळांची रांग लागलेली असते. अब्बांनी एका मंडळाचं लाइटिंग घेतलं होतं. मी हट्टाने बरोबर गेलो. मॅटाडोरमध्ये मागे दोन छोटे जनरेटर होते, पेट्रोलवर सुरू करायचे आणि रॉकेलवर चालवायचे. दोरी ओढून चालू व्हायचे ते. मध्यरात्री पाऊस आला. अब्बांनी जनरेटर भिजू नयेत म्हणून मॅटाडोरवर ताडपत्री ओढली, मागचा पडदाही सोडला, आणि मला आत केबलच्या वेटोळ्यांवर गोधडी टाकून झोपवलं. पावसापासून पोराला आडोसा. बाहेर ते स्वतः भिजत चालले होते.

मला आठवतं ते एवढंच, डोकं फुटेल असं दुखत होतं, आणि अब्बा मला खांद्यावर टाकून पळत होते. रस्त्यावर मी ओकलो. एका पायरीवर त्यांनी मला मांडीवर घेतलं, कुणीतरी पाणी आणलं. मंडळाच्या पोरांनी स्वतःची छत्री धरली आमच्यावर. घरी दादीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे नजर जबर लागली, असा निकाल झाला. एवढ्या गर्दीत पोराला नेलंच कशाला, म्हणून दादी अब्बांना कितीतरी दिवस बोलत होती.

त्यानंतर अब्बांनी मला कधीही कामावर नेलं नाही. "तू शिक," म्हणायचे. धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. तो मोठा झाला तोवर दादी गेली होती आणि घरात कमावणाऱ्या हातांची गरज होती. तो गेला कामावर.

रॉकेलवर चालणारी दोन इंजिनं, ताडपत्रीने बंद केलेली गाडी आणि आत झोपलेलं पोर. नजर कसली?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजवर गेलो आणि भावाला हे सांगितलं. वर्गातल्या आवाजात नाही. तो ऐकत होता आणि हाताला लागलेलं ग्रीस पुसत होता, बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, "डिकीतच बसवतो. पण तू म्हणतोस ते मशीन मागव. मोजू. मशीनने नाही म्हटलं तर नाही."

मला वाटतं, कारागिराचा हा एक गुण मास्तरांनी उचलावा असा आहे. त्याला पटवायला वाद चालत नाही, माप चालतं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मागवला. हातात मावेल एवढा, बॅटरीवरचा, आकडा दाखवणारा. हवेच्या दहा लाख भागांत किती भाग तो वायू आहे, तो आकडा. असल्या अलार्मची रीत अशी की पन्नास आकडा असेल तर तो तास-दीड तासाने ओरडतो, शंभर असेल तर दहा ते चाळीस मिनिटांत, तीनशे झाला तर तीन मिनिटांच्या आत. वायू जितका जास्त, तितकी सवड कमी.

तोवर भावाने काम पूर्ण केलं होतं, आणि खरं सांगतो, सुंदर केलं होतं. ग्रोमेट, सिलिकॉन, सगळं जागच्या जागी. विजेच्या कामात तर त्याने मलाच धडा दिला. आत आरसीसीबी बसवला होता, शॉक लागला तर लाइन तोडणारा. त्याचं 'टेस्ट' बटण दाबलं की खटकन पडत होता. मी म्हटलं, झालं की मग. तो हसला. "हे बटण फसवं आहे. ते आतल्या आत पडतं. गाडी रबराच्या टायरवर उभी आहे. जनरेटरचा न्यूट्रल गाडीच्या चासीला जोडला नाही तर खरा दोष आला तरी करंटला परत जायला वाट नाही, हा पडणारच नाही." म्हणून त्याने न्यूट्रल आणि चासी जोडले, तेही जनरेटरच्या बाजूला, चेंजओव्हर स्विचच्या अलीकडे. कारण गाडी रिसॉर्टच्या लाइनला लावली तर तिथली जोडणी तिथे आधीच असते, दोन ठिकाणी जोडून चालत नाही. आणि चेंजओव्हर असा की एका वेळी जनरेटर तरी नाहीतर बाहेरची लाइन तरी. दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत. नाहीतर आपला जनरेटर बाहेरच्या तारांत वीज सोडायचा, आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला वायरमन मरायचा. हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं असतं, पण मी शोधलं नसतं.

संध्याकाळी चाचणी घेतली. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. गाडी गॅरेजबाहेर उघड्यावर उभी केली. अलार्म पलंगावर उशीच्या जागी ठेवला, आकडा खिडकीतून दिसेल असा. आत कुणी नाही. दारं-खिडक्या बंद. एसी चालू. जनरेटर सुरू केला आणि आम्ही बाहेर खुर्च्या टाकून चहा मागवला.

दहा मिनिटं शून्य. वीस मिनिटं शून्य. भावाने माझ्याकडे पाहिलंही नाही, पण त्याचं न पाहणं मला कळत होतं. मगरिबची अजान झाली. तो म्हणाला, तू हो पुढे, मी बसतो. मी नमाज पढून परत आलो तेव्हा तो खिडकीला नाक लावून उभा होता.

आकडा चौतीस होता. मग एकेचाळीस. मग अठ्ठावन्न. चढत होता, पायऱ्या चढल्यासारखा, घाई न करता. नव्वदच्या पुढे गेला आणि काही वेळाने अलार्म ओरडायला लागला. काचेतून आवाज बारीक येत होता, रातकिड्यासारखा. भावाने धावत जाऊन जनरेटर बंद केला, दोन्ही दारं सताड उघडली आणि दूर जाऊन उभा राहिला.

वास कशालाच येत नव्हता. मी मुद्दाम दारापाशी उभा राहून पाहिला, क्षणभर. नुसता नव्या फोमचा वास.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तो गाडीखाली होता. ग्रोमेट धडधाकट निघाला. माझा संशय चुकला, हे त्याने आवर्जून सांगितलं. गळती दोन ठिकाणी होती. एक, धुराच्या पाइपचं तोंड त्याने गाडीच्या मागच्या काठाच्या आत, पोटाखालीच ठेवलं होतं. वारा नसला की धूर तिथेच घोटाळत राहतो आणि डिकीच्या जाळीतून परत वर येतो. दोन, डिकी आणि पलंग यांच्यामधलं प्लायवूड. कडेला जिथे पत्रा आणि लाकूड भेटतात तिथे सुरीचं पातं जाईल एवढी फट, सबंध लांबीभर. डोळ्याला दिसत नाही. टॉर्च खालून लावला आणि वरून अंधारात पाहिलं, तेव्हा पलंगाच्या कडेने उजेडाची एक रेघ दिसली.

ती रेघ बघून तो खाली बसला. म्हणाला, "जागा बदलायची."

साहेबांना बोलावलं. त्यांच्यासमोर चाचणी परत केली. त्यांनी आकडा चढताना पाहिला. तरी पैशांचा विषय निघालाच. ते म्हणाले, तुमच्या कामात दोष निघाला, जास्तीचा खर्च मी का द्यावा? यात तथ्य नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. डिकीची कल्पना त्यांची होती, हेही खरं. पण 'होय' भाऊ म्हणाला होता. मी मध्ये काही बोलणार तेवढ्यात भावानेच मिटवलं. "लोखंडाचे पैसे द्या साहेब. मजुरी माझी गेली." ईदच्या तोंडावर मजुरी जाणं म्हणजे काय, हे गॅरेज चालवणाऱ्यालाच कळेल. घरी भाभीने त्या दिवशी आमच्या दोघांशी बोलणं टाकलं होतं.

मग पेटी झाली. गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकाच्या पुढे, चासीला धरून. चारी बाजू आणि छत पत्र्याचं, कोपरे टाके न मारता सलग वेल्डिंगने बंद केलेले. हवा घ्यायला आणि गरम हवा सोडायला जाळी आहे, पण तीही गाडीच्या आतल्या बाजूला नाही. बंद पेटीत इंजिन गुदमरतं, म्हणून हवेची वाट मोठी ठेवली. धुराचा पाइप लवचिक स्टीलचा, ग्लास वूल गुंडाळलेला. त्याचं तोंड गाडीच्या कडेच्या बाहेर काढलं, दाराच्या आणि उघडणाऱ्या खिडक्यांच्या विरुद्ध बाजूला. वायर आत नेली ती तळातून नव्हे, बाहेरून कडेने वर चढवून, घट्ट आवळणाऱ्या ग्लँडमधून. जुनं रुपयाएवढं भोक पत्र्याने वेल्ड करून बुजवलं. प्लायवूडची कड सील केली, जरी आता खाली काही नव्हतं.

पुन्हा खिडक्या बंद, पुन्हा एसी, पुन्हा उशीवर अलार्म. या वेळी तीन तास. शून्य. दुसऱ्या दिवशी वारा होता, तो पाइपाच्या बाजूने येईल अशी गाडी वळवून उभी केली आणि पुन्हा दोन तास. शून्य. मग भाऊ म्हणाला, तरीही रात्री झोपताना लावायचा नाही. साहेब म्हणाले, मग एवढं सगळं कशासाठी केलं? भावाने समजावलं. संध्याकाळी लावा, गाडी गार करा, बॅटऱ्या भरून घ्या, स्वयंपाक करा. झोपायच्या आधी बंद करा. रात्रभर पंखा बॅटरीवर चालेल. शेजारी दुसऱ्याची गाडी उभी राहिली तर तिचा धूर आपल्या खिडकीत येतो, तिच्यावर आपला ताबा नाही. अलार्म पलंगाच्या वर कायमचा ठोकून टाकला.

आणि मला काम मिळालं. बोर्डाशेजारी लावायला पाटी हवी होती. मी जाड बोरूने लिहिलं, 'झोपण्यापूर्वी जनरेटर बंद करा'. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहितो त्या अक्षरात. साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, "सर, अक्षर छापल्यासारखं आहे." पोरांनी ती लॅमिनेट करून आणली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळे अम्मीपाशी बसलो होतो. साहेबांचा फोन येऊन गेला होता, गाडी गणपतीपुळ्याला पोचली होती, नातवंडं खूश होती. अम्मीला मी मॅटाडोरची ती रात्र सांगितली, आणि ती नजर नव्हती हेही सांगितलं. मला वाटलं, तिला धक्का बसेल. ती सुपारी कातरत राहिली.

म्हणाली, "मिरच्या तुझी दादी जाळत होती. तुझे अब्बा ओसरीवर ताडपत्री पसरून बसले होते. कात्री माझ्याकडनं मागून घेतली."

भाऊ एकदम ताठ बसला. "मागचा चौकोन!"

मलाही तेव्हाच आठवलं. अब्बांच्या त्या ताडपत्रीला मागच्या बाजूला हातभर लांब-रुंद चौकोन कापलेला होता. कडा दुमडून, सुतळीने शिवलेल्या. भाऊ कामावर जायला लागला तेव्हा पावसाचं पाणी त्यातून आत यायचं आणि तो भिजायचा. त्याने कितीदा म्हटलं, अब्बा, ठिगळ लावू या. अब्बा म्हणायचे, राहू दे.

"मी समजत होतो," भाऊ म्हणाला, "ताडपत्री जुनी आहे, फाटलीय."

अम्मीने सुपारीचा चुरा त्याच्या हातावर ठेवला. "नवी होती रे," ती म्हणाली. "तो गणपती होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. हप्ते फिटायचे होते तिचे."